मंडईच्या तोंडावरची टिकटिक

थंडी पडली आणि आमची गाडी टिकटिक करायला लागली. आवाज येतो याबद्दल गावात एकमत होतं, भांडण होतं ते कसला येतो यावर. बाबांचा मात्र वेगळाच पक्ष. त्यांच्या मते आवाजच येत नव्हता.

आधी गाडीबद्दल सांगते, कारण ती घरातल्या माणसांइतकीच हट्टी आहे. छोटी आहे, जुनी आहे, कधीकाळी पांढरी होती. बाबा एसटीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ती कुणाची तरी वापरलेली घेतली. तिचा मागचा डावा दरवाजा फक्त बाहेरून उघडतो, त्यामुळे मागे बसणारा उतरताना दुसऱ्यानं दार उघडेपर्यंत बसून राहतो आणि आपोआप सभ्य होतो. बाबांनी उभी हयात गडचिरोलीपलीकडच्या जंगलातल्या रस्त्यांवर बस हाकली. ती सुटल्यावर हात रिकामे राहू नयेत म्हणून ही गाडी आली. माझी बदली आमच्याच तालुक्यात झाल्यावर मी आईबाबांकडे राहायला आले आणि शाळेत जाण्यासाठी तीच गाडी वापरू लागले. माझा नवरा चंद्रपूरला नोकरीला असतो, शनिवारी येतो, त्यामुळे आमचं अजूनही छान पटतं.

आमचं गाव वडशाहून आरमोरीकडे जाताना आत वळलं की लागतं. धान कापून झालेलं असतं, बांध्यांवर सकाळचं धुकं बसलेलं असतं, आणि त्या गारठ्यात मी किल्ली फिरवली की बोनेटखालून आवाज सुरू व्हायचा. टिक टिक टिक टिक. पाय दाबला की जोरात, सोडला की हळू. डांबरी रस्त्याला लागेपर्यंत तो बारीक व्हायचा आणि शाळा येईपर्यंत गायब. दुपारी उन्हात गाडी सुरू करावी तर काही नाही. दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर.

गाडी उभी असते तिथून चार पावलांवर गल्लीतल्या लोकांची शेकोटी पेटते. तुराट्या, जुनं टायर, कुणाच्या तरी कुंपणाचा खांब, जे मिळेल ते जळतं आणि भोवती बसलेली मंडळी आमच्या गाडीची तपासणी करतात. राईस मिलवाल्या भाऊंना तो पट्टा ढिला झाल्याचा आवाज वाटला, कारण त्यांच्या आयुष्यातली सगळी दुखणी पट्ट्यापासूनच सुरू होतात. शिंपीकाकांनी सुई वाकडी झाल्यासारखं वाटते असं सांगितलं. एका नाटक मंडळीत तबला वाजवणारा गडी थंडीच्या दिवसांत गावोगाव फिरतो, तो नेमका त्या दिवशी घरी होता. त्यानं डोळे मिटून मांडीवर बोटं चालवली आणि म्हणाला, "ताई, काई टेन्शन घेऊ नोका. लय सोडत नाई गाडी." लयीचं प्रमाणपत्र घेऊन मी काय करणार होते देव जाणे.

"बाबा, येतो ना आवाज?" मी विचारलं.

बाबा शेकोटीकडे पाठ करून शेकत उभे होते. "कुठी? इंजिनाचा आवाज हाये तो. गाडीले आवाज राहीन नाई तं का बैलबंडीले राहीन?"

मला वाटलं, म्हातारा गाडी वाचवतो आहे. वाचवायला कारणही होतं. माझा भाऊ नागपूरला असतो. मी एका सकाळी बोनेटपाशी फोन धरून त्याला आवाज ऐकवला, ही माझीच आगाऊगिरी. त्यानं ऐकलं आणि निकाल दिला. इंजिन बसत आलंय, बेअरिंग गेलं असणार, जुन्या गाडीवर इंजिनकाम करण्यात अर्थ नाही, मंडईला येतो तेव्हा भंगारवाल्याशी बोलून मोकळं होऊ. आणि मग हळूच, "तसंही बाबांनी आता चालवणं थांबवलंच पाहिजे ना, ताई." म्हणजे एका टिकटिकीच्या आडून तो दोन कामं उरकणार होता.

मंडई आमच्याकडे काय असते हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. भाजीबाजार नव्हे. दिवाळीनंतर थंडीभर एकेका गावाची मंडई ठरते. त्या दिवशी गावात जत्रा, पाहुणे, घरोघरी वडे, संध्याकाळपासून नाटकाच्या मंडपात जागा धरायची धावपळ. लेकीबाळी माहेरी येतात, लग्नाच्या गोष्टी निघतात, आणि बहिणीला आणायला भाऊ स्वतः जातो. बाबांची थोरली बहीण चामोर्शीच्या पुढे राहते. ती एसटीनं येऊ शकते, तिचा नातू मोटरसायकलवर आणू शकतो. पण ती येत नाही. भाऊ न्यायला आला तर येईन, नाही तर मी घरीच बरी, असा तिचा बाणा. बस चालवत होते तेव्हा बाबा त्या दिवशी रजा टाकून जायचे, आणि गाडी आल्यापासून गाडी घेऊन. मी चालवायला शिकले तरी त्या दिवशी किल्लीला हात लावायची माझी हिंमत नसे. वर्षभर मी गाडी नेते, आणते, धुते. आत्याला आणायचा दिवस बाबांचा.

मंडई आठवड्यावर आलेली. त्याआधी टिकटिकीचं कारण कळलं आणि ते किरकोळ निघालं तर गाडी राहणार, बाबा आत्याला आणायला जाणार. बेअरिंग निघालं तर भाऊ येईल आणि गाडी जाईल, आणि गाडीबरोबर बाबांच्या हातातलं स्टेअरिंग कायमचं जाईल. बाबा हे बोलून दाखवत नव्हते. पण रोज संध्याकाळी गाडी पुसत होते, आणि जे पुसून झालं होतं तेच पुन्हा पुसत होते. मला बघवत नव्हतं.

तेव्हा मी गाडी घेऊन वडशाला गेले. रेल्वे लाईनच्या पलीकडे आमच्या मिस्त्रींचं गॅरेज आहे. त्यांच्या अब्बांनी बाबांच्या काळात ट्रक दुरुस्त केलेले, आता हे गाड्या बघतात. माणूस बोलका, कामात चोख, आणि स्वतःला गायक समजतो. मी पोचले तेव्हा अर्थातच इंजिन तापून शहाण्यासारखं चालत होतं.

"बाई, ही तं मक्खन चालून राह्यली," मिस्त्री म्हणाले.

"सकाळी टिकटिक करते हो भाऊ."

"कशी करते? करून दाखवा."

मी भर गॅरेजात, जिल्हा परिषदेची शिक्षिका, तोंडानं टिकटिक करून दाखवली. मिस्त्रींनी गंभीरपणे ऐकली, थोडी जोरात करायला सांगितली, मग पाय दाबल्यावर कशी होते तेही विचारलं. मी तेही केलं. शेजारच्या चहाच्या टपरीवरचे दोघं उभे राहून बघू लागले तेव्हा मला कळलं की यांना आवाज कधीच कळला आहे, आता नुसती करमणूक चालली आहे. त्यांनी डिपस्टिक काढून ऑईल पाहिलं, ते बरोबर होतं. मग म्हणाले, वरच्या अंगाचा आवाज असेल तर टॅपेटची, म्हणजे इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या दट्ट्यांची, फट वाढली असेल, ते घटकाभराचं काम. खालच्या अंगाचा असेल तर बेअरिंग, मग भाऊ म्हणतो ते खरं. पण दोन्हीसाठी इंजिन थंडगार पाहिजे.

म्हणून गाडी रात्रभर तिथंच ठेवली आणि मी एसटीनं परत आले. सकाळी मिस्त्रींचा फोन. आवाज नाही. खोदून विचारल्यावर कळलं की पहाटे एका नाटक मंडळीची गाडी गॅरेजबाहेर काढायची होती, आणि आमची आडवी उभी होती, म्हणून ती त्यांनी सुरू करून दोन फेऱ्या मारून लावली. वडसा म्हणजे नाटक मंडळ्यांचं माहेरघर, या दिवसांत तिथं नाटकवाल्यांच्या गाडीपुढे मंत्र्याचीही गाडी थांबेल, तिथं आमचं काय. आता मिस्त्रीच म्हणाले, "गाडी घेऊन जा. मंडईच्या आदल्या सकाळी मीच येतो तुमच्याकडं. गाडीले कोणी हात लावू नोका. किल्ली लपवून ठेवा."

ठरल्या दिवसाच्या आदल्या रात्री मी किल्ली माझ्या उशीखाली ठेवली. शेकोटीवाल्यांना तंबी दिली. बाबांना सांगितलं की उद्या गाडी पुसायचीसुद्धा नाही. बाबांनी मान हलवली.

मिस्त्री शब्दाला जागले. धुक्यातून कानटोपी आणि मफलरमध्ये गुंडाळलेले मोटरसायकलवर आले, हात चोळत सरळ गाडीकडे गेले. सगळी शेकोटी उठून मागे आली. मी आत बसले आणि किल्ली फिरवली.

काही नाही. टाचणी पडली तर ऐकू आली असती इतकं गुळगुळीत इंजिन.

मला रडावं की हसावं कळेना. मिस्त्रींनी बोनेट उघडून इंजिनावर हात ठेवला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी वर्गात कॉपी करताना सापडले आहे. "बाई, कुठी जाऊन आली गाडी?"

"कुठंच नाही! किल्ली माझ्याकडे आहे."

"मंग ही गरम काऊन?"

मागे माझी आई उभी होती. डोक्यावर पदर, हातात चिमटा. मिस्त्रींनी वाकून गाडीखाली पाहिलं आणि खालून एक घमेलं ओढून काढलं. त्यात राखेखाली निखारे अजून लाल होते.

"तुम्ही ठेवले का जी?"

"मंग!" आई म्हणाली. "पाहुणा माणूस वडशावरून येऊन राह्यला, अन त्याच्यासमोर गाडी खोकलली तं बरं दिसते का? कारोडीले थंडी वाजली का मी असंच ठेवतो. पहाटेपासून तीनदा निखारे बदलले मी." ती कारोड म्हणते ती आमच्या गाईची कालवड, आणि गारठ्याच्या रात्री तिच्याजवळ आई खरंच निखारे ठेवते.

आमच्याकडे लग्नाची गोष्ट घेऊन पाहुणे आले की घरातली कळकट भांडी मागच्या दारी जातात आणि आजारी म्हातारा शेजाऱ्याकडे. आईनं तेच केलं होतं. मिस्त्री गाडी बघायला येणार म्हणजे गाडी दाखवायची, आणि दाखवायची म्हणजे दोष झाकायचे. डॉक्टरपुढे ताप उतरवून बसलेला रोगी. शेकोटीवाले इतके हसले की शिंपीकाकांना ठसका लागला. मिस्त्री हसता हसता गाडीच्या दाराशीच खाली बसले. आई रागावली. तिला यात हसण्यासारखं काय आहे तेच कळत नव्हतं, आणि तिच्या बाजूनं पाहिलं तर नव्हतंच.

"पाणी टाकू का इंजिनावर?" कुणीतरी उत्साहानं विचारलं.

"तुह्या डोक्यावर टाक," मिस्त्री म्हणाले. "सावलीत ढकला. बोनेट उघडं राहू द्या. आपोआप थंडी होईन."

मग सगळ्यांनी मिळून गाडी चिंचेखाली ढकलली आणि आम्ही वाट पाहिली. इंजिन थंड होईपर्यंत पाहुणा उपाशी राहणं आईला मंजूर नव्हतं. मंडईसाठी भिजवलेल्या लाखोळीच्या डाळीचे वडे आदल्या दिवशीच निघाले. मिस्त्रींनी वडे खाल्ले, पोहे खाल्ले, दोनदा चहा घेतला, शेजाऱ्याची पाण्याची मोटर पाहून दिली आणि एक नाट्यगीत म्हटलं. तबलजी मंडईसाठी घरी आलेला, मांडीवर ठेका धरायला होताच. माझी शाळेची एक रजा गेली, पण इतकी मजेची सकाळ त्या थंडीत दुसरी नव्हती. बाबा मात्र खुर्ची घेऊन गाडीसमोर बसले होते. मिस्त्री येऊन जाऊन बोनेटखाली हात लावून पाहत आणि मान हलवत. प्रत्येक वेळी बाबा त्यांच्या तोंडाकडे बघत. उद्या आत्याकडे जायचं होतं आणि त्याच दुपारी भाऊ नागपूरहून निघणार होता.

शेवटी मिस्त्रींनी मान डोलावली. मी किल्ली फिरवली आणि टिक टिक टिक टिक, ती आली! शेकोटीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. राईस मिलवाले भाऊ "पट्टा! पट्टा!" म्हणून ओरडले. मी गाडीतून उतरून पुढे धावले, कारण मला बाबांचा चेहरा पाहायचा होता. आता बोला म्हणावं, आता तरी कबूल करा.

बाबा बोनेटवर वाकले होते. कान पुढे केलेला. मी कितीतरी वर्षं चौथीला शिकवते आहे. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा मला लांबून ओळखू येतो, रोजचा आहे. हा तो चेहरा नव्हता. बाबा खरोखर शोधत होते. एकदा डावा कान, एकदा उजवा. मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं, सगळ्यांच्या हसऱ्या तोंडांकडे, आणि म्हणाले, "कुठी हाये?" यावेळी आवाजात ऐट नव्हती. त्यांना खरंच हवं होतं की कुणी सांगावं.

टीव्ही का एवढा मोठा लागतो, मागून हाक मारली की ओ का येत नाही, गेल्या महिन्यात एक ट्रक मागून कितीतरी वेळ हॉर्न देत होता आणि बाबा बाजू का देत नव्हते, सगळं एका क्षणात उमगलं. मी त्याला हट्ट म्हणत होते, वय म्हणत होते, स्वभाव म्हणत होते. बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"मले माहीत हाये," ती हळू म्हणाली. "म्हून तं मी मोठ्यानं बोलतो. गावाले वाटते मी भांडखोर हाव."

मिस्त्रींनाही कळलं होतं. गायक माणूस, कुणाच्या कानात सूर जातो आणि कुणाच्या नाही हे त्यांना कळायचंच. शेकोटीवाले अजून मजेत होते. कुणीतरी मोठ्यानं काही बोलून जाण्याआधी मिस्त्रींनी पेटीतून हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, काढला आणि बाबांच्या हातात दिला. "बाबाजी, माह्या कानात सर्दी बसली हाये. आज माह्यावर भरोसा नाई. तुमी लावून पाहा न, कुठून येऊन राह्यला ते. तुमी आमच्या अब्बाच्या बरोबरीचे."

पेचकस कसा धरायचा हे बाबांना सांगावं लागलं नाही. त्याचं टोक त्यांनी इंजिनाच्या वरच्या झाकणावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. टोक थोडं सरकवलं. पुन्हा थोडं. आणि मग त्यांचा चेहरा उजळला. दुसरा शब्द मला सुचत नाही. ज्या आवाजावरून गाडी भंगारात जाणार होती, जो आवाज नाही म्हणून ते आठवडाभर भांडले होते, तो ऐकू आला म्हणून माणूस असा खूश झाला की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं.

"हाये!" ते ओरडले. "हाये ना! इथी हाये! टकटक करून राह्यला साला! दुसऱ्या सिलिंडरवर, अन थोडासा तिसऱ्यावर." मग घाईनं खाली वाकून त्यांनी पेचकस इंजिनाच्या खालच्या अंगाला लावला आणि बराच वेळ तसेच राहिले. "इथी काई नाई. बेअरिंग साबूत हाये. वरचंच हाये, टॅपेट हाये."

मिस्त्रींनी इंजिन बंद करायला लावलं, झाकण उघडलं, पातळ पत्तीनं फटी मोजल्या. बाबांनी सांगितलेल्याच दोन जागी पत्ती सैल जात होती. त्यांनी पान्यानं फटी बसवल्या, झाकण लावलं, आणि मी किल्ली फिरवली. इंजिन थंड होतं, सकाळ थंड होती आणि टिकटिक नव्हती. राईस मिलवाले भाऊ थोडे हिरमुसले, बाकी सगळे खूश. बाबांनी लगेच माझ्या मोबाईलवरून भावाला फोन लावला. "टॅपेट होता, टॅपेट. इंजिनाले काई झालं नाई. तू ये मंडईले आरामात, भंगारवाल्याले नोको आणू." पलीकडून भाऊ काय म्हणाला ते त्यांनी ऐकलं की नाही मला ठाऊक नाही. त्यांनी बोलून झाल्यावर फोन माझ्या हातात दिला.

मिस्त्री वड्यांची पुरचुंडी घेऊन गेले. दुपार झाली. बाबा चिंचेखाली बसून होते. गाडी पुसत नव्हते, नुसते बसलेले. मी चहा नेऊन दिला, समोर बसले, आणि मोठ्यानं म्हणाले, "बाबा, मंडई झाली की कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. मशीन मिळतं आता छोटंसं."

"जाऊ," ते म्हणाले. भांडले नाहीत, याचाच मला धक्का बसला. मी त्यापुढचं बोलायची तयारी करून आले होते. उद्या गाडी मी चालवते, हे. कसं सांगायचं, कोणत्या शब्दांत, आई आणि भाऊ दोघांची नावं पुढे करायची की स्वतःच वाईट व्हायचं. चहा संपेपर्यंत मला सुरुवात सापडली नाही. माझं धैर्यच झालं नाही, हे सरळ सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बाहेर आले तेव्हा बाबा तयार होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, वर स्वेटर. धुकं अजून होतं. मी किल्ली पुढे केली, कारण दरवर्षी तशीच करते. बाबांनी ती घेतली नाही. गाडीला वळसा घालून ते डाव्या दरवाज्याशी जाऊन उभे राहिले.

"बस तू," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही चालवा ना. मी आहे बाजूला." हे मी का म्हणाले मलाच कळत नाही. रात्रभर मी नेमकं उलटं घोकलं होतं.

"मले तो आवाज पेचकसातून आला बाई, हवेतून नाई आला. आता रस्त्यानं का पेचकस कानाले लावून गाडी चालवू? मांगून ट्रकवाला आला तं त्याच्या बंपरले पेचकस लावू?" आणि स्वतःच हसले. खदखदून. मीही हसले, आणि मग मला हसू आवरलं नाही आणि रडूही आवरलं नाही. दारात उभी आई ओरडली, "आता रडून राह्यली का हसून राह्यली? जा लवकर, तिकडं तुही आत्या तयारी करून बसली असन." सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. बाबांनाही गेलं.

मी उजव्या बाजूला बसले. टिकटिक नव्हती. बाबांनी दार लावलं, सीट मागे घेतली, पुन्हा पुढे घेतली, हात कुठे ठेवायचे ते कळेना म्हणून मांडीवर ठेवले. आरमोरीपर्यंत ते माझ्या आधी ब्रेक मारत होते, रिकाम्या जागेवर पाय दाबून. "तिसरा टाक. कायले रेटून राह्यली? आता सोड." माझ्या शिकाऊपणाचे दिवस आठवले आणि मी दोनदा त्यांच्यावर खेकसले. गडचिरोली मागे पडली, जंगल लागलं, तसे ते गप्प झाले. मला वाटलं डोळा लागला. रागावले असतील असंही वाटलं.

एका वळणावर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "थांबव."

वाटलं, आता म्हणतील, उतर, मी घेतो. मी गाडी कडेला घेतली. पण ते माझ्याकडे पाहतच नव्हते. डावीकडची काच खाली करून बाहेर बघत होते. झाडांच्या आड तलाव होता, चांगला मोठा, त्यावर वाफेसारखं धुकं आणि कडेला पांढरी पाखरं उभी. पाळीवर एक बाई कपडे धूत होती.

"हा तलाव इथी कवापासून हाये?"

"बाबा, जुना आहे. तुमच्या जन्माच्या आधीचा असेल."

ते बघत राहिले. याच रस्त्यानं त्यांनी नोकरीभर बस नेली होती. भरलेली बस, अरुंद डांबर, समोरून लाकडांचे ट्रक, मध्येच गुरं. नजर काढायला फुरसत कुठली.

"याचं वळण मले माहीत होतं," बाबा म्हणाले. "डोळे मिटून घेतलं असतं. तलाव नव्हता माहीत."

मी पहिला गिअर टाकला. ते काच खाली ठेवूनच बसले, गार वारा तोंडावर घेत.

"हळू घे," ते म्हणाले. "पाहू दे."